मनगटावरचा कोच आतून कसा चालतो

संध्याकाळचे ८ वाजलेत. फोन वाजतो: "आज ६०० पावलं झाली. फक्त ९,४०० बाकी!" ज्याला हा संदेश आलाय तो माणूस पहाटेपासून तापाने अंथरुणात आहे. घड्याळाला हे दिसत होतं. रात्रीचे विश्रांतीतले ठोके नेहमीपेक्षा मिनिटाला ९ ने जास्त होते, त्वचेचं तापमान चढलेलं होतं, झोप तुटक होती. सगळं मोजलं गेलं, साठवलंही गेलं, पण संदेश पाठवणाऱ्या भागाने त्यातलं काहीच विचारलं नाही. त्याला फक्त पावलांचा आकडा ठाऊक होता.

अंगावर घालायच्या सेन्सरवर चालणारं कोचिंग सॉफ्टवेअर बनवताना बहुतेक वेळ आणि पैसा मोजण्यावर जातो, आणि बहुतेक चुका बोलण्यात होतात. आत्ता काही बोलायचं का, बोलायचं तर किती ठामपणे, हे ठरवणं हेच या सॉफ्टवेअरचं खरं काम. सेन्सर, डेटाची सफाई, रोजच्या पातळीशी तुलना हे सगळं त्या एका निर्णयासाठी चाललेलं असतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावरून पुढे फक्त आकडा पाठवून भागत नाही, त्या आकड्यावर किती विसंबायचं हेही सोबत जावं लागतं.

हिसके आणि हिरवा प्रकाश

मनगटावरच्या उपकरणात कामाचे सेन्सर मुळात दोन. पहिला त्वरणमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. तो तीन दिशांतले हिसके सेकंदाला साधारण २५ ते १०० वेळा नोंदवतो. हात स्थिर असेल तर त्याला फक्त गुरुत्वाकर्षण दिसतं. चालताना सेकंदाला दीड ते अडीच वेळा ठरावीक लयीत चढउतार येतात, आणि त्यातली शिखरं मोजली की पावलं मिळतात. टाळ्या, भांडी घासणं, गाडीतले धक्के पावलांत धरले जाऊ नयेत म्हणून सलग ८-१० शिखरं एका लयीत आल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, अशी अट घालतात. त्याची किंमतही आहे: घरातल्या घरात चार पावलं इकडे, तीन तिकडे असं फिरणाऱ्याची बरीच पावलं गळतात. बाळाची ढकलगाडी किंवा ट्रॉली ढकलणाऱ्याचीही गळतात, कारण पाय चालतात पण हात जागचा हलत नाही.

दुसरा सेन्सर प्रकाशाचा, त्याला पीपीजी म्हणतात. हिरवा एलईडी त्वचेवर प्रकाश टाकतो आणि परत येणारा प्रकाश शेजारचा सेन्सर मोजतो. प्रत्येक ठोक्याला केशवाहिन्यांत रक्त वाढतं, थोडा जास्त प्रकाश शोषला जातो. हा फरक फार बारीक असतो, परत येणाऱ्या एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. पट्टा सैल असेल, हात गार पडलेला असेल, मनगटावर गडद टॅटू असेल तर एवढासा फरक सहज बुडतो. त्वचा गडद असेल तर प्रकाश आधीच जास्त शोषला जातो. म्हणून उपकरणाची चाचणी एकाच वर्णाच्या लोकांवर करून भागत नाही.

धावताना यात एक फसवा घोटाळा होतो. मिनिटाला १६०-१८० पावलं पडत असतात, आणि घड्याळ त्या पावलांच्या लयीलाच ठोके समजून बसतं. स्क्रीनवर १७० दिसतं, खरे ठोके १३५ असतात. आकडा धावणाऱ्या माणसाला शोभणारा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पकडायचा उपाय सोपा आहे: त्वरणमापकाची लय आणि ठोक्यांचा आकडा सलग काही मिनिटं एकमेकांच्या ३-४ च्या आत राहिला, तर त्या तुकड्याचा भरवसा कमी करायचा आणि त्यावरून "फार जोर लावताय, हळू व्हा" असं बोलायचं नाही.

या दोन सेन्सरमधून बाकी बहुतेक सगळं काढलेलं असतं, आणि जितकं जास्त काढलेलं तितकं डळमळीत. सलग चालण्याची पावलं आणि विश्रांतीतले ठोके बऱ्यापैकी पक्के. झोपेचा एकूण वेळ ठीक. मनगटावरची उपकरणं झोप ओळखतात, पण झोपेत आलेली जाग ओळखताना चुकतात. डोळे मिटून निपचित पडलेला माणूस त्यांना झोपलेलाच वाटतो. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, ही विभागणी त्याहून कच्ची. सर्वात तळाला कॅलरी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ७ उपकरणं तपासली. ७ पैकी ६ उपकरणांनी ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, पण कॅलरीत सर्वात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. तेव्हा "तुम्ही आज ४१२ कॅलरी जाळल्या, म्हणून एवढं जास्त खाऊ शकता" असा सल्ला देणारं सॉफ्टवेअर लिहू नये. आमच्या मते पहिल्या आवृत्तीत कॅलरीचा आकडा दाखवूच नये.

घड्याळापासून फोनपर्यंत

इथे काम रटाळ असतं आणि बिघडण्याच्या जागा भरपूर. छातीला बांधून ठोके मोजायचा पट्टा ब्लूटूथवरून दोन ठोक्यांमधलं अंतर पाठवतो ते १/१०२४ सेकंदाच्या एककात. पट्ट्याने ८५० पाठवलं तर ते ८३० मिलिसेकंद होतं. हे लक्षात न घेता थेट मिलिसेकंद धरलं तर प्रत्येक अंतर २.४ टक्क्यांनी फुगतं, आणि चूक इतकी छोटी की महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

आयफोनवर हेल्थकिट आणि अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट हे डेटाचे सामाईक साठे. दोन्हींचे स्वभाव आधी समजून घ्यावेत. वापरणाऱ्याने वाचायची परवानगी नाकारली तर हेल्थकिट तसं सांगत नाही, नुसती रिकामी यादी देतो. म्हणजे "पावलं शून्य" आणि "पावलं बघायला मनाई" हे अ‍ॅपला सारखंच दिसतं. फोन लॉक असताना हा साठा कूटबद्ध असतो, त्यामुळे पहाटे ३ ला पार्श्वभूमीत रात्रीचा हिशेब करायचा बेत फसतो. हेल्थ कनेक्ट सर्वसाधारण परवानगीत मागच्या ३० दिवसांपर्यंतच वाचू देतो, त्याआधीचं हवं असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते.

फोन खिशात आणि घड्याळ मनगटावर, दोघंही पावलं मोजतात. कच्च्या नोंदींची थेट बेरीज केली तर ६,००० ची ११,००० होतात. साठ्याने स्वतः एकत्र करून दिलेली बेरीज वापरावी, नाहीतर मिनिटामिनिटाला एकच स्रोत निवडायचा नियम स्वतः लिहावा.

वेळ साठवताना जागतिक प्रमाणवेळ आणि त्या क्षणाचा स्थानिक फरक, असं दोन्ही प्रत्येक नोंदीसोबत ठेवावं. नुसती स्थानिक वेळ ठेवली तर विमानाने प्रवास करणाऱ्याचा एक दिवस ३० तासांचा होतो आणि दुसऱ्या दिवशीची झोप गायब होते. झोप ज्या तारखेला संपली त्या तारखेची धरायची, असा एकच नियम सगळीकडे असावा. हा नियम दोन ठिकाणी वेगवेगळा लागला की आलेख एक सांगतो आणि संदेश दुसरंच.

मग घड्याळ न घातलेला वेळ. टेबलावर पडलेलं घड्याळ आणि शांत बसलेला माणूस, दोघांची पावलं शून्य. फरक ओळखायला त्वचेचा स्पर्श किंवा प्रकाशाचा संकेत उपयोगी पडतो. ते मिळत नसेल तर सलग ६० मिनिटं हालचाल पूर्ण शून्य असणं हा संशोधनात रुळलेला निकष आहे. घड्याळ दिवसातले १० तासही हातावर नसेल तर तो दिवस तुलनेत धरू नये. आणि शून्य व "माहीत नाही" यांना डेटाबेसमध्ये वेगळी जागा द्यावी. एकदा शून्य लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक हिशेब त्या माणसाला आळशी ठरवत राहतो.

एक ठोका निसटला तर

ताणाचा किंवा थकव्याचा अंदाज घ्यायला ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार बघतात. त्याचं रोजच्या वापरातलं माप म्हणजे आरएमएसएसडी: लागोपाठच्या अंतरांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ.

समजा अंतरं ८००, ८२०, ७९० आणि ८१० मिलिसेकंद आहेत. फरक २०, ३० आणि २०. वर्ग ४००, ९०० आणि ४००. सरासरी ५६७, वर्गमूळ जवळपास २४. आता मधला एकच ठोका सेन्सरकडून निसटला. ८२० आणि ७९० जोडले गेले आणि १,६१० झाले. अंतरं उरली ८००, १,६१० आणि ८१०. फरक ८१० आणि ८००. उत्तर येतं ८०५.

एका निसटलेल्या ठोक्याने २४ चे ८०५ केले. ५ मिनिटांत ३००-४०० ठोके असतात, त्यामुळे प्रत्यक्षात परिणाम बराच पातळ होतो, तरी असे दोन-तीन ठोके निसटले की त्या रात्रीचं माप वाया गेलं. म्हणून आजूबाजूच्या अंतरांच्या मध्यकापेक्षा (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा) २० टक्क्यांहून जास्त वेगळं अंतर आधीच गाळतात. गाळलेल्याच्या दोन बाजूंची अंतरं एकमेकांना चिकटवायची नाहीत, ती जोडीच सोडून द्यायची. गाळलेला भाग फार मोठा, समजा दहातला एक, झाला तर त्या तुकड्याचं माप टाकून द्यावं. सेकंदाला २५ नोंदी घेणाऱ्या पीपीजीत आणखी एक अडचण आहे: दोन नोंदींत ४० मिलिसेकंदांचं अंतर आणि मोजायचा फरक २०-३० चा. मधल्या बिंदूंचा अंदाज गणिताने बांधून शिखर नेमकं कुठे होतं ते काढावं लागतं. हे सगळं हात स्थिर असतानाच जमतं, म्हणून हे माप झोपेतलं घ्यावं. दिवसभर फिरत्या हातावरून "तुमचा ताण आत्ता ७३" सांगणाऱ्या आकड्यांकडे आम्ही तरी संशयानेच बघतो.

ज्याची त्याची पातळी

विश्रांतीत मिनिटाला ६४ ठोके जास्त की कमी? एखाद्यासाठी उत्तम, एखाद्यासाठी आजारपणाची चाहूल. तुलना त्या माणसाच्या स्वतःच्या मागच्या दिवसांशीच करायला हवी. साधारण २८ दिवसांची खिडकी घ्यावी आणि त्यात किमान १४ रात्री धरण्याजोग्या असाव्यात. तोवर सॉफ्टवेअरने "अजून ओळख होतेय" एवढंच सांगावं. हेल्थ कनेक्टची ३० दिवसांची मुभा इथे पुरते. माणूस आधीपासून घड्याळ वापरत असेल तर पहिल्याच दिवशी पातळी काढता येते.

सरासरी आणि प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) वापरू नये. एक जागरणाची रात्र दोघांनाही ओढून नेते. मध्यक घ्यावा, आणि प्रत्येक दिवसाचं मध्यकापासूनचं अंतर काढून त्या अंतरांचाही मध्यक घ्यावा. या दुसऱ्या मध्यकाला १.४८ ने गुणलं की तो प्रमाणित विचलनाच्या मापात येतो. मध्यक ५८ आणि अंतरांचा मध्यक १.५ असेल तर विचलन झालं २.२. आजचे ६४ म्हणजे २.७ विचलनं वर. एक दिवस असं झालं तर दिवसाचं लक्ष्य गुपचूप कमी करावं. सलग दोन दिवस झालं तरच बोलावं, आणि तेही कारण न लावता. ठोके वाढायला ताप, मद्य, उकाडा, उशिरा जेवण, जास्तीचा व्यायाम यांतलं काहीही पुरतं. मासिक पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात ते दोन-तीनने वाढणं आणि त्वचेचं तापमान थोडं चढणं स्वाभाविक आहे. पाळीचा विचार न करणारं सॉफ्टवेअर दर महिन्याला निम्म्या वापरणाऱ्यांना विनाकारण "विश्रांती घ्या" सांगत बसेल.

व्यायामाच्या जोराचे टप्पे ठरवतानाही हाच घोळ. कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र सगळीकडे दिसतं. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र जास्त मान्य आहे. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं. ६५ व्या वर्षी मात्र एक १५५ सांगतं आणि दुसरं १६२.५. सूत्र कुठलंही घेतलं तरी प्रत्यक्ष माणूस त्यापासून १० ठोके इकडेतिकडे सहज असतो. ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं घेणाऱ्याचे ठोके तर तिथवर चढतच नाहीत. म्हणून सुरुवातीलाच औषध विचारावं, आणि उत्तर "हो" असेल तर ठोक्यांवर आधारलेले टप्पे बंद करून "चालताना बोलता येतंय का?" हा साधा निकष लावावा.

१०,००० कुठून आले

जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" अशा अर्थाचं होतं. लक्ष्य तिथून रुळलं, वैद्यकीय प्रयोगातून नाही. २०१९ मध्ये वयस्कर अमेरिकन स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात मृत्यूचा धोका पावलांबरोबर घटत गेला, पण दिवसाला ७,५०० च्या आसपास ही घट सपाट झाली. रोज ३,५०० चालणाऱ्याला १०,००० दाखवलं की आठवडाभरात अ‍ॅप उडवलं जातं.

त्यापेक्षा चांगली रीत अशी: मागच्या ९ दिवसांची पावलं चढत्या क्रमाने लावायची आणि सहावा आकडा उद्याचं लक्ष्य धरायचं. समजा आकडे ३,१००, ३,४००, ३,९००, ४,२००, ४,६००, ५,१००, ५,८००, ६,४०० आणि १४,२०० आहेत. लक्ष्य ५,१००. हा माणूस ९ पैकी ४ दिवस तेवढं किंवा त्याहून जास्त चाललाच आहे, त्यामुळे ते आवाक्यातलं वाटतं. सरासरी घेतली असती तर १४,२०० च्या एका सहलीच्या दिवसाने लक्ष्य ५,६०० च्या वर नेलं असतं. चालणं वाढलं की लक्ष्य आपोआप चढतं आणि आजारपणात उतरतं. पण त्याला तळ हवा. तो नसेल तर महिनाभर पडून राहिलेल्या माणसाला सॉफ्टवेअर ४०० पावलांबद्दल शाबासकी देऊ लागतं. शस्त्रक्रियेनंतर तेही योग्य असू शकतं, म्हणून तळ सगळ्यांना एकच ठेवू नये.

बोलायचं की गप्प बसायचं

आता मुख्य भाग. "बराच वेळ बसून आहात, थोडं चालून या" हा सर्वात साधा संदेश घेऊ. तो पाठवण्याआधी काय काय खरं असायला हवं? मागच्या ६० मिनिटांपैकी ५० मिनिटं घड्याळ हातावर होतं. त्या तासात १५० पेक्षा कमी पावलं पडली. माणसाने स्वतः दिलेल्या वेळेच्या आत आपण आहोत. तो गाडी चालवत नाही. मागच्या २ तासांत व्यायाम झालेला नाही. मागच्या ९० मिनिटांत दुसरा संदेश गेलेला नाही आणि आजचे ३ संदेश संपलेले नाहीत. विश्रांतीतले ठोके आज नेहमीच्या पातळीत आहेत. आणि ज्या डेटावरून हे सगळं ठरतंय तो १० मिनिटांहून जुना नाही.

शेवटची अट सगळे विसरतात. घड्याळ बॅटरी वाचवायला डेटा गठ्ठ्याने पाठवतं. माणूस अर्धा तास चालून घामाघूम होऊन बसलाय, फोनला मात्र ४० मिनिटांपूर्वीची स्थिती ठाऊक आहे. तेवढ्यात संदेश येतो: "उठा, चाला!" अशा एका संदेशाने जेवढा विश्वास जातो तेवढा दहा बरोबर संदेशांनी परत येत नाही. जमेल तिथे ही तपासणी घड्याळातच करावी, सर्व्हरवर नको.

अटी "आणि"ने जोडलेल्या असाव्यात. एकही माहिती हाताशी नसेल तर गप्प बसायचं. प्रत्येक वेळी गप्प का बसलो तेही लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, लिहावं: वेळ, कुठली अट अडली, नियमांची कुठली आवृत्ती चालू होती. पुढे "मला आठवडाभर काहीच आलं नाही" अशी तक्रार आली की याच लॉगवरून दहा मिनिटांत उत्तर सापडतं. उत्तर बहुतेकदा तेच असतं, फोनने बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवलेलं.

संदेशाखाली तीन बटणं पुरतात: "आत्ता", "थोड्या वेळाने", "आज नको". "आज नको" दाबलं की दिवस संपेपर्यंत खरंच शांत राहावं, कारण विचारू नये. नियमांपेक्षाही चांगलं चालतं ते माणसाने स्वतः बांधलेलं "जेव्हा-तेव्हा": जेव्हा दुपारचं जेवण होईल तेव्हा मी १० मिनिटं चालेन. सॉफ्टवेअरचं काम मग ती वेळ साधणं एवढंच उरतं.

मजकूर कोण लिहिणार

भाषा मॉडेलला, म्हणजे मजकूर लिहून देणाऱ्या एआयला, संदेश लिहायला देण्याचा मोह आता सर्वांनाच होतो. द्यायला हरकत नाही, पण काय बोलायचं हे आधी नियमांनी ठरलेलं असावं आणि मॉडेलने फक्त शब्द बदलावेत. मॉडेलला संदेशाचा प्रकार आणि दोन-तीन आकडे द्यावेत. परत आलेल्या मजकुरात त्याबाहेरचा एकही आकडा, औषध किंवा आजाराचं नाव सापडलं तर तो फेकून ठरलेला तयार मजकूर पाठवावा. अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनला २०२३ मध्ये आपला टेसा हा चॅटबॉट बंद करावा लागला, कारण खाण्याच्या विकारांशी झुंजणाऱ्यांसाठी असलेला हा बॉट वजन कमी करायचे सल्ले देऊ लागला होता.

इथला धडा मजकुरापुरता नाही. वजन, कॅलरी, सलग दिवसांची साखळी ही साधनं काही माणसांना खरोखर इजा करतात. उपकरणाने झोपेला दिलेल्या गुणांची चिंता करून झोप उडालेल्या लोकांविषयी २०१७ पासून वैद्यकीय लिखाणात नोंदी आहेत. म्हणून प्रत्येक आकडा लपवता यायला हवा, आणि साखळी तुटल्यावर काहीही न म्हणता पुढे जायला हवं.

डॉक्टरकडे पाठवायची वेळ

कोच निदान करत नाही. निदानाचा दावा केला की सॉफ्टवेअर बहुतेक देशांत वैद्यकीय उपकरण ठरतं आणि त्याचे नियम, चाचण्या, परवाने लागू होतात. चालायला सुचवणं आणि "तुमच्या हृदयाची लय बिघडली आहे" म्हणणं यांच्या मधून ही रेषा जाते.

धोक्याच्या सूचनांत गणितही विरोधात असतं. १०,००० निरोगी दिसणाऱ्या माणसांत १०० जणांना एखादा त्रास आहे आणि सूचना ९५ टक्के वेळा बरोबर असते असं धरा. १०० पैकी ९५ सापडतील. उरलेल्या ९,९०० मधल्या ४९५ जणांनाही सूचना जाईल. म्हणजे ज्यांना सूचना मिळाली त्यांतल्या दर ६ जणांपैकी ५ जण उगाच घाबरले. अ‍ॅपलच्या हृदय-अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते. त्यातल्या ०.५२ टक्क्यांना अनियमित नाडीची सूचना गेली, आणि ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय अनियमित होण्याचा त्रास) सापडलं. हा त्रास येतोजातो, त्यामुळे उरलेल्या सगळ्या सूचना खोट्या होत्या असं नाही, पण सूचनेची भाषा किती जपून हवी ते यावरून कळतं. याउलट माणसाने स्वतः "छातीत दुखतंय" किंवा "चक्कर येतेय" लिहिलं तर मॉडेल, गुण, लक्ष्य सगळं बाजूला ठेवून तातडीच्या मदतीचा ठरलेला मजकूर त्याच सेकंदाला दाखवायचा. ही वाट इंटरनेट नसतानाही चालली पाहिजे.

डेटा कुठे ठेवायचा, याबद्दल थोडक्यात: कच्चे संकेत घड्याळात किंवा फोनवर राहू द्यावेत, सर्व्हरकडे दिवसाचे हिशेब पुरतात. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली असं धरू नये. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने जगभरच्या धावण्याच्या वाटांचा निनावी नकाशा काढला होता, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून लष्करी तळांच्या आतले रस्ते दिसत असल्याचं उघड झालं.

उपयोग होतो का, कसं कळणार

इथे फसगत ठरलेली असते. ज्या दिवशी माणूस फार कमी चालला त्या दिवशी आपण संदेश पाठवतो. दुसऱ्या दिवशी तो जास्त चालतो. टीम खूश. पण सरासरी ४,६०० चालणारा माणूस २,००० च्या दिवसानंतर बहुधा जास्तच चालणार होता, संदेश असो वा नसो. वाईट दिवस निवडून त्याच्या पुढचा दिवस बघितला की नेहमी सुधारणाच दिसते. अशा आलेखावर कुठलाही निर्णय घेऊ नये.

यावरचा उपाय म्हणजे निर्णयाच्या प्रत्येक क्षणी नाणं उडवणं. वरच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या की ६० टक्के शक्यतेने संदेश पाठवायचा आणि ४० टक्के वेळा मुद्दाम गप्प बसायचं. मग दोन्ही प्रकारच्या क्षणांनंतरच्या ३० मिनिटांतल्या पावलांची तुलना करायची. अटी पूर्ण न झालेले क्षण या हिशेबात घ्यायचे नाहीत, आणि त्या क्षणाची शक्यता किती होती हे लॉगमध्ये लिहिलेलं हवं. एका माणसाकडून ६ आठवड्यांत, दिवसाला ३ क्षण धरले तर, १२६ नोंदी मिळतात. एकट्याच्या सवयी शिकायला त्या अपुऱ्या पडतात. म्हणून स्वतः शिकणारं मॉडेल पहिल्या दिवसापासून बसवण्यात अर्थ नाही. सुरुवात नियमांनी करावी, आणि पुढे सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून शिकवावं.

हार्टस्टेप्स नावाच्या प्रयोगात हेच केलं होतं. ४२ दिवस, दिवसातून ५ वेळा नाणेफेक. चालायला सुचवल्यावर पुढच्या अर्ध्या तासातली पावलं सरासरी २४ टक्क्यांनी वाढली. मात्र सुरुवातीच्या दिवसांत परिणाम मोठा होता आणि पुढे तो विरत गेला. नुसतं मोजमाप तर कधी उलटही पडतं. २०१६ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ४७१ जणांवर २४ महिने लक्ष ठेवलं. आहार, व्यायाम आणि समुपदेशन दोन्ही गटांना होतं, मोजणारं उपकरण एकालाच. उपकरण नसलेल्यांचं वजन सरासरी ५.९ किलो उतरलं, उपकरणवाल्यांचं ३.५.

संदेशाचा परिणाम विरतो हे धरूनच आखणी करावी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला ३ पर्यंत संदेश, मग २, आणि दुसऱ्या महिन्यापासून १. नाणेफेक चालूच असते, त्यामुळे काही काळाने प्रत्येकासाठी एक गोष्ट तपासता येते: संदेश न गेलेल्या क्षणांनंतरही हा माणूस तेवढाच चालतोय का? सलग ४ आठवडे उत्तर "हो" आलं तर हा संदेश त्याच्यापुरता बंद करावा, तसं त्याला एकदा कळवावं, आणि पावलं जुन्या पातळीखाली २ आठवडे राहिली तरच पुन्हा सुरू करायचं का हे त्यालाच विचारावं.